व्हॅलेन्सिया : तुरियाच्या पाटांवर वाढलेले शहर

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचे व्हॅलेन्सिया हे माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या खालोखाल देशातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर. लोकसंख्या आठ लाखांच्या घरात. येथे वर्षाकाठी साधारण ४५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा शरद ऋतूत, मोजक्या दिवसांत कोसळतो. एरवी आभाळ कोरडे. अशा जागी भाताची खाचरे, संत्र्यांच्या बागा आणि बारमाही भाजीचे मळे उभे राहिले ते तुरिया नदीच्या आणि तिचे पाणी वाटून घेण्याच्या जुन्या व्यवस्थेच्या बळावर. पर्यटकाला दाखवली जाणारी स्थळे आणि त्याच्या पुढ्यात येणारे पदार्थ यांचा माग काढत गेले की वाट बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या पाटाशी जाऊन पोचते.

शहराची स्थापना इ. स. पूर्व १३८ मध्ये झाली. रोमन कॉन्सल डेसिमस जुनियस ब्रूटस याने लुसितानियाच्या युद्धातून मोकळ्या झालेल्या सैनिकांना येथे जमिनी दिल्या. जागा नदीच्या दोन प्रवाहांमधल्या बेटावर होती, समुद्रापासून थोडी आत. इ. स. पूर्व ७५ मध्ये रोममधल्या यादवीत पॉम्पीच्या फौजांनी हे गाव जाळून टाकले आणि नंतर कित्येक वर्षे ते ओसाडच राहिले. कॅथेड्रलमागच्या आल्मोइना या भूमिगत संग्रहालयात त्या काळचे स्नानगृह, धान्याचे कोठार आणि रस्त्याच्या फरशा पाहायला मिळतात. त्या लढाईत मारल्या गेलेल्या सैनिकांचे सांगाडेही येथेच उत्खननात सापडले.

इ. स. ७१४ च्या सुमारास शहर मुस्लिम सत्तेखाली आले आणि पुढची पाच शतके बहुतेक काळ तसेच राहिले. मधे १०९४ ते ११०२ एवढा खंड पडला. एल सिद या नावाने स्पॅनिश वीरकथांत अजरामर झालेला रोद्रिगो दियास याने शहर जिंकले, १०९९ मध्ये तो वारला आणि त्याची पत्नी हिमेना हिने आणखी तीन वर्षे ते धरून ठेवले. या आठ वर्षांवर महाकाव्य झाले, चित्रपट झाला. शहराच्या रोजच्या जगण्यावर त्याहून खोल ठसा उमटवणाऱ्या पाटकऱ्यांवर मात्र कोणी काव्य रचलेले नाही. पाटांची सुरुवात रोमनांनी केली की अरबांनी, यावर इतिहासकारांचा वाद जुना आहे. पण आज दिसणारे जाळे मुख्यतः मुस्लिम काळात आकाराला आले, हे आता बहुतेकांना मान्य आहे. नदीत ठिकठिकाणी बंधारे घातले गेले, दोन्ही तीरांवर पाट निघाले, पाटांतून चाऱ्या फुटल्या आणि शहराभोवती ‘होर्ता’ नावाचा बागायती पट्टा तयार झाला. त्यात भात, ऊस आणि वांगे ही मूळची आशियाई पिके रुजली; तुतीची झाडे आणि कडू संत्रीही आली.

आरागोनचा राजा जाउमे पहिला ९ ऑक्टोबर १२३८ रोजी शहरात शिरला. हा दिवस आजही व्हॅलेन्सिया स्वायत्त प्रदेशाचा सण आहे. जाउमेने मशिदीच्या जागी चर्च केले, जमिनी आपल्या माणसांत वाटल्या आणि नवे कायदे दिले. पाण्याला मात्र त्याने हात लावला नाही. १२३९ च्या सनदेने त्याने बहुतेक पाट शेतकऱ्यांच्या स्वाधीन केले आणि पाणी मुसलमानांच्या वेळी जसे घेतले जात असे तसेच घ्यावे, असे त्यात नमूद केले. राजा उदार होता म्हणून हे घडले असे मानण्याचे कारण नाही. बसलेली घडी मोडली तर पहिल्याच उन्हाळ्यात पीक जाईल, हे त्याला समजत होते.

या घडीचे दृश्य रूप म्हणजे जलन्यायालय. दर गुरुवारी दुपारी १२ वाजता, मिकालेत मनोऱ्याची घंटा वाजू लागली की कॅथेड्रलच्या ‘प्रेषितांच्या दरवाजा’पुढे लोखंडी कठड्याच्या आत काही खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात. त्यांवर पाटांचे प्रतिनिधी येऊन बसतात. हे सारे शेतकरी. त्यांच्या त्यांच्या पाटावरच्या बागायतदारांनी निवडून दिलेले. अंगात शेतकऱ्याचा काळा अंगरखा. शिपायाच्या हातात टोकाला पितळी आकडी असलेली काठी असते. पाटाच्या दाराची फळी उचलायची हत्यारे असत, त्यांतलीच ही एक. तो एकेका पाटाचे नाव घेऊन कोणाविरुद्ध तक्रार आहे का, असा पुकारा करतो. डाव्या तीरावरचे पाट तोर्मोस, मेस्ताया आणि रास्कान्या. उजव्या तीरावरचे क्वार्त, बेनाजेर-फाइतानार, मिस्लाता, फावारा आणि रोवेया. फुटबॉलच्या चाहत्यांना यातले मेस्ताया हे नाव ओळखीचे वाटेल, कारण १९२३ साली उघडलेल्या तिथल्या प्रसिद्ध मैदानाला शेजारून वाहणाऱ्या या पाटाचेच नाव मिळाले.

तक्रारी साध्या असतात. कोणी पाळी नसताना दार उघडले, कोणी पाणी वाया घालवून शेजाऱ्याचे वाफे बुडवले, कोणी चारी साफ केली नाही. वकील नसतो, कागद नसतो. सारा व्यवहार तोंडी आणि व्हॅलेन्सियन भाषेत चालतो. कोणी बोलायचे हे अध्यक्ष पायाच्या इशाऱ्याने सांगतो. ज्या पाटावरचा तंटा असेल त्या पाटाचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही, आणि निकाल सुचवण्याचा मान पलीकडच्या तीरावरच्यांचा असतो. दिलेल्या निकालावर अपील नाही. पाण्याचा हक्कही ठरावीक घनफळात मोजलेला नसून नदीत असेल त्या पाण्याच्या हिश्श्यात ठरलेला आहे. नदी आटली की सगळ्यांचेच पाणी त्या प्रमाणात कमी होते. शिवाय हक्क जमिनीला चिकटलेला असतो. जमीन ठेवून पाणी विकता येत नाही. धुळे-नाशिककडच्या पांझरा आणि मोसम या नद्यांवर फड पद्धतीने जे पाणवाटप चालत आले, त्याच्या माहीतगाराला यातले फारसे काही परके वाटणार नाही.

न्यायालय चर्चच्या दारात का भरते, याचे उत्तर म्हणून एक कथा सांगितली जाते : पूर्वी ते मशिदीत भरत असे, आणि मशिदीचे चर्च झाल्यावर मुसलमान शेतकऱ्यांना आत येता येईना म्हणून ते दाराबाहेर आले. कथा पटण्याजोगी आहे, पुरावा मात्र पक्का नाही. न्यायालयाचे वय हजार वर्षे सांगितले जाते आणि १९६० मध्ये त्याची सहस्राब्दीही साजरी झाली. तो आकडाही परंपरेचाच. निर्विवाद गोष्ट ही की १७०७ साली आल्मान्साच्या लढाईनंतर फिलिप पाचव्याने व्हॅलेन्सियाचे सगळे जुने कायदे रद्द केले, त्यातून हे न्यायालय वाचले. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आता कित्येक गुरुवारी एकही तक्रार नसते. पुकारा होतो, काही मिनिटांत सभा संपते, आणि कॅमेरे सरसावून आलेले प्रवासी थोडे हिरमुसतात.

ज्या मनोऱ्याच्या घंटेवर हे चालते तो मिकालेत १३८१ मध्ये बांधायला घेतला. अष्टकोनी, सुमारे ५१ मीटर उंच, वर जायला २०७ पायऱ्या. कॅथेड्रलचे बांधकाम १२६२ पासूनचे. आतमध्ये १४३७ साली राजा आल्फोन्सो पाचवा याच्याकडून आलेला अकीक दगडाचा प्याला आहे. येशूच्या अखेरच्या भोजनातला तो हाच, अशी भाविकांची श्रद्धा. शहराच्या जुन्या तटाच्या बारा दरवाजांपैकी दोन मोठे उरले. पेरे बालागेर याने १३९२ ते १३९८ या काळात बांधलेले सेरानोसचे बुरूज पुढे तुरुंग म्हणून वापरले गेले. क्वार्तच्या बुरुजांवर १८०८ मधील फ्रेंच तोफगोळ्यांचे खड्डे अजून तसेच आहेत. बाकीचा तट १८६५ मध्ये पाडला. शहराला पसरायला जागा हवी होती आणि बेकारांना काम हवे होते. एका निर्णयात दोन्ही साधले.

पंधरावे शतक हे व्हॅलेन्सियाच्या भरभराटीचे. भूमध्य समुद्रातला व्यापार, मानिसेसची सोनेरी झाकेची मातीची भांडी आणि होर्तातल्या तुतीवर पोसलेले रेशीम यांनी शहरात पैसा आणला. १४०७ मध्ये नगराने स्वतःची पेढी उघडली. मग व्यापाऱ्यांसाठी रेशीमबाजाराची इमारत उभी राहिली, ती ‘लोन्हा दे ला सेदा’. पेरे कोम्प्ते याच्या देखरेखीखाली तिचा मुख्य दिवाणखाना १४९८ मध्ये पुरा झाला. त्यात पिळलेल्या दोरखंडासारखे खांब छतापर्यंत चढत जातात आणि वर पोचून ताडाच्या झावळ्यांप्रमाणे उलगडतात. भिंतीच्या वरच्या अंगाला निळ्या पट्टीवर सोनेरी लॅटिन अक्षरांत, खोटे न बोलणारा आणि व्याजाने न नाडणारा व्यापारी इहलोकी संपन्न होईल व परलोकीही सुख पावेल, अशा अर्थाचा मजकूर आहे. देणी बुडवणाऱ्यांना कोंडण्याची खोली त्याच इमारतीच्या मनोऱ्यात होती. बाहेरच्या पन्हाळ्यांवर कोरलेल्या काही आकृती इतक्या अश्लील आहेत की मार्गदर्शक त्यांच्याकडे बोट दाखवावे की नाही याचा समोरची मंडळी पाहून विचार करतात. ही वास्तू १९९६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

१६०९ मध्ये धर्मांतरित मुसलमानांना, म्हणजे मोरिस्कोंना, देशाबाहेर घालवण्याचा हुकूम निघाला. व्हॅलेन्सियाच्या राज्याची साधारण एकतृतीयांश प्रजा त्यामुळे गेली आणि अंतर्भागातली गावेच्या गावे ओस पडली. शहरालगतच्या होर्तात ख्रिस्ती कुळांचे प्रमाण मोठे असल्याने तिथले पाट वाहते राहिले. रेशमाचा धंदाही टिकला. अठराव्या शतकात वेल्युतेर्स या विणकर पेठेत हजारो माग चालत होते. १८५० च्या दशकात युरोपभर रेशमाच्या किड्यांवर पेब्रिन हा रोग पसरला आणि तुतीची लागवड परवडेनाशी झाली. शेतकऱ्यांनी तुती उपटून संत्री लावली. गोड संत्र्याची व्यापारी लागवड त्याआधी, १७८१ च्या सुमारास, कार्काइशेंत गावी सुरू झालेली होतीच. आता आगबोटी आणि रेल्वे यांमुळे ती फळे इंग्लंडपर्यंत जाऊ लागली. या नव्या पैशाची साक्ष म्हणजे १९१७ चे उत्तर रेल्वेस्थानक. देमेत्रियो रीबेस याने त्याच्या दर्शनी भागावर चिनीमातीच्या संत्र्यांचे घोस लावले. १९२८ मध्ये उघडलेली मध्यवर्ती मंडई हीसुद्धा त्याच काळातली. लोखंड, काच आणि रंगीत टाइलांच्या या घुमटाखाली होर्तातली भाजी आणि आल्बुफेराचे ईल मासे शेजारीशेजारी विकले जातात.

आल्बुफेरा हे शहराच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवरचे गोड्या पाण्याचे सरोवर. समुद्र आणि सरोवर यांमध्ये फक्त वाळूची, पाइनच्या झाडीची चिंचोळी पट्टी आहे. जाउमेने ते राजाच्या मालकीत राखून ठेवले होते. विसाव्या शतकात ते नगराकडे आले. आजचे पाणक्षेत्र सुमारे २१ चौरस किलोमीटर असून पूर्वी ते कितीतरी मोठे होते. होड्यांतून माती आणून, बांध घालून शेतकऱ्यांनी सरोवराचा काठ थोडा थोडा करत भातखाचरांत घेतला, आणि एकोणिसाव्या शतकात या भरावाने जोर धरला. भाताचे या भागातले स्थान फार काळ डळमळीतच होते. साचलेल्या पाण्यातून ताप पसरतो म्हणून मध्ययुगात राजांनी भातलागवडीवर पुनःपुन्हा बंदी घातली आणि पुनःपुन्हा ती मोडली गेली. १७९५ ते १७९७ या काळात वनस्पतिशास्त्रज्ञ कावानियेस याने राज्याचे वर्णन करणारा ग्रंथ काढला, त्यातही भातामुळे होणाऱ्या मृत्यूंवर कडक टीका आहे. भात मात्र हटला नाही, कारण दलदलीच्या जमिनीत दुसरे काही तितके पिकत नव्हते.

मे महिन्यात पेरणी, सप्टेंबरात कापणी आणि हिवाळ्यात शेते पुन्हा पाण्याखाली, असे येथले चक्र आहे. सरोवरातून समुद्राकडे जाणाऱ्या मुखांवर दरवाजे आहेत. ते कधी उघडायचे याचा निर्णय भाताकडे पाहून होतो. मासेमार आणि शेतकरी यांच्यातले जुने भांडण याच दरवाजांवरून. एल पाल्मार गावचे मासेमार सरोवरातल्या जाळे लावायच्या जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतात. हा हक्क पूर्वी फक्त मुलग्यांकडे जाई. १९९० च्या दशकात गावातल्या स्त्रियांनी न्यायालयात धाव घेऊन तो मिळवला. विसेंते ब्लास्को इबान्येस याची १९०२ सालची ‘कान्यास इ बारो’ ही कादंबरी याच गावातली. आज एल पाल्मारचा रस्ता खाणावळींनी भरलेला आहे. संध्याकाळी सपाट बुडाच्या होड्या बांबूने ढकलत पर्यटकांना सूर्यास्त दाखवायला नेतात, आणि त्याआधी दुपारी ‘आल-इ-पेब्रे’ खाल्ले जाते : लसूण आणि लाल मिरचीच्या पुडीच्या रश्श्यात शिजवलेला ईल.

पाएया हा पदार्थ याच पाणथळ भागातला. शेतावर दुपारी, शेतातल्याच वस्तूंचा केलेला भात. घरोघरी तो आजही बहुधा रविवारी दुपारीच होतो. रात्री पाएया मागवणारा परदेशी आहे हे सांगावे लागत नाही. व्हॅलेन्सियन पद्धतीत कोंबडी, ससा, रुंद हिरव्या शेंगा, ‘गारोफो’ हे मोठे पांढरे वाल, टोमॅटो, ऑलिव्ह तेल, केशर, मीठ, पाणी आणि तांदूळ एवढेच येते. हंगामाप्रमाणे गोगलगाई किंवा रोझमेरीची काडी. कोळंबी-शिंपल्यांचा पाएया किनाऱ्यावरचा, आणि मांस-मासे एकत्र घातलेला तर इथल्या लोकांच्या लेखी केवळ पाहुण्यांसाठी. टोमॅटो आणि गारोफो अमेरिकेतून आलेले असल्यामुळे पदार्थाचे आजचे रूप सोळाव्या शतकाआधीचे असूच शकत नाही. ते पक्के झाले अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. उथळ, रुंद कढईत आधी मांस परततात, मग पाणी घालतात आणि शेवटी बोंबा किंवा सेनिया जातीचा आखूड दाण्याचा तांदूळ पातळ थरात पसरतात. एकदा पसरल्यावर ढवळायचे नाही. खाली संत्र्याच्या लाकडांचा जाळ असतो. पाणी आटत आले की तळाशी तांबूस खरवड धरते. तिला सोकारात म्हणतात आणि जेवणारे कढईतल्या आपापल्या वाट्यातली ती लाकडी चमच्याने खरवडून घेतात.

शहराच्या उत्तरेला आल्बोराया गावाच्या वाळूमिश्रित जमिनीत चुफा पिकतो. नागरमोथ्याच्या कुळातल्या या लव्हाळ्याचे बारीक, गोडसर कंद हिवाळ्यात काढून महिनोन्महिने वाळवतात. मग भिजवून, वाटून, गाळून, साखर घातलेले थंडगार दूध म्हणजे ओर्चाता. सोबत ‘फार्तोन’ हा लांबुडका मऊ पाव, खास बुडवण्यासाठी केलेला. शेतकऱ्यांच्या सवयीतून शहरात आलेली आणखी एक गोष्ट म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराची भरपेट न्याहारी, एस्मोर्सारेत. पहाटे कामाला लागलेल्या माणसाची ही न्याहारी आता कचेऱ्यांतले लोकही सोडत नाहीत : भलाथोरला भरलेला पाव, ऑलिव्ह, शेंगदाणे आणि शेवटी पेटवलेल्या रममधली कॉफी.

एका दिवसात जाऊन येण्याची दोन ठिकाणे इतिहासाच्या दृष्टीने विशेष आहेत. उत्तरेला पंचवीसएक किलोमीटरवर सागुंतो. हानिबालने इ. स. पूर्व २१९ मध्ये आठ महिने वेढा घालून ते घेतले आणि त्यातून रोम व कार्थेज यांचे दुसरे युद्ध पेटले. तिथल्या रोमन नाट्यगृहावर गेल्या शतकाच्या अखेरीस इतके नवे बांधकाम चढवले गेले की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नवे बांधकाम काढण्याचा हुकूम झाला, पण तो अमलात आणणे अशक्य ठरले. दक्षिणेला साठ किलोमीटरवर शातिवा. युरोपात कागद बनवणारे हे सर्वांत जुन्या गावांपैकी एक. बाराव्या शतकातला भूगोलकार अल-इद्रीसी त्याच्या कागदाची वाखाणणी करतो. बोर्जा घराणे याच गावचे. त्यातला रोद्रिगो पुढे पोप अलेक्झांडर सहावा झाला. त्याने १४९३ मध्ये काढलेल्या फर्मानामुळे नव्या जगाच्या वाटणीचा वाद रंगला आणि पुढच्याच वर्षी स्पेन-पोर्तुगाल यांच्यात तोर्देसियासचा करार झाला. पूर्वेचा समुद्र पोर्तुगालच्या वाट्याला गेला आणि १५१० मध्ये गोव्यात पोर्तुगीज निशाण लागले, त्यामागची एक कडी ही. १७०७ मध्ये फिलिप पाचव्याने शातिवा जाळले. गावकऱ्यांनी त्याचा सूड अजून चालू ठेवला आहे : गावच्या संग्रहालयात त्या राजाचे तैलचित्र उलटे टांगलेले आहे.

नोव्हेंबर १९३६ ते ऑक्टोबर १९३७ या काळात, यादवी युद्धात, व्हॅलेन्सिया ही प्रजासत्ताकाची राजधानी होती. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली चित्रे तेव्हा सेरानोसच्या बुरुजांत ठेवली होती. त्यानंतर शहराचे रूप सर्वांत जास्त बदलले ते तुरियाने. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी नदीला दोन लोंढे आले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. किमान ८१ माणसे दगावली. सरकारने मग नदीच हलवायची ठरवली. ‘प्लान सुर’ या योजनेत शहराच्या दक्षिणेला बारा किलोमीटर लांबीचे नवे पात्र खणले गेले. खर्चाचा काही भाग उभारण्यासाठी व्हॅलेन्सियातून जाणाऱ्या पत्रांवर जादा तिकीट लावणे वर्षानुवर्षे सक्तीचे होते. मोकळ्या झालेल्या जुन्या पात्रातून महामार्ग काढण्याचा बेत होता. रहिवाशांनी पात्र आमचे आहे आणि ते हिरवेच हवे, अशी चळवळ उभारली. १९७६ मध्ये ती जागा शहराला मिळाली आणि १९८६ पासून तिथे बाग होऊ लागली. जुन्या दगडी पुलांखालून आज नदीऐवजी सायकली आणि धावणारी माणसे जातात.

या बागेच्या समुद्राकडच्या टोकाला ‘कला आणि विज्ञान नगरी’ आहे. सांतियागो कालात्राव्हा हा वास्तुकार व्हॅलेन्सियाचाच. १९९८ ते २००५ या काळात त्याचे गोलार्धाच्या आकाराचे चित्रपटगृह, विज्ञान संग्रहालय आणि संगीत नाट्यगृह खुले झाले. फेलिक्स कांदेलाच्या आराखड्यातले मत्स्यालयही येथेच आहे. शहर जगाच्या पर्यटन नकाशावर आले ते या पांढऱ्या इमारतींमुळे. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला आणि नाट्यगृहाच्या छपरावरचे चिनीमातीचे तुकडे दहा वर्षांच्या आतच सुटू लागले, ही चर्चा स्थानिक लोक पाहुण्यांसमोरही मोकळेपणाने करतात.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा अतिवृष्टी झाली. नव्या पात्राने तुरियाचे पाणी बाजूने नेले आणि जुने शहर कोरडे राहिले. पण पोयो या ओढ्याचा पूर पात्राच्या दक्षिणेकडच्या पाइपोर्ता, कातारोखा या गावांत शिरला. प्रांतात दोनशेहून अधिक माणसे मेली. गाळ, मोडक्या गाड्या आणि घरांतले सामान आल्बुफेरापर्यंत वाहत गेले, आणि भाताच्या पुढच्या हंगामाआधी खाचरे व चाऱ्या उपसण्याचे काम हाती घ्यावे लागले.